हरिकेन वॉच आणि हरिकेन वॉर्निंग: पाळणाघराने कधी काय करायचं?

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा, म्हणजे मोठ्या चक्रीवादळांचा हंगाम. या दिवसांत पाळणाघर चालवणाऱ्यांच्या कानावर वॉच आणि वॉर्निंग हे शब्द सारखे पडतात. वॉच लागला की ‘बघू पुढे काय होतंय’ म्हणून बरेचजण थांबून राहतात. माझं स्पष्ट मत आहे की पाळणाघराची सगळी महत्त्वाची कामं वॉचमध्येच उरकायला हवीत.

वॉच म्हणजे ताशी ११९ किलोमीटर किंवा त्याहून जोराचे वारे येण्याची शक्यता. वॉर्निंग म्हणजे ते येणारच, असा अंदाज. या वादळांचा अंदाज देणारं अमेरिकी सरकारी केंद्र, नॅशनल हरिकेन सेंटर, वॉच साधारण ४८ तास आधी देतं, वॉर्निंग ३६ तास आधी. पण कशाच्या आधी? वादळ धडकण्याच्या नव्हे, ताशी ६३ किलोमीटरचे वारे सुरू होण्याच्या. कारण ते सुरू झाले की बाहेरची कामं धोक्याची होतात. शिवाय वादळाने झपाट्याने जोर धरला तर वॉच न लागता थेट वॉर्निंगही येऊ शकते.

म्हणून वॉच लागताच पालकांचे फोन नंबर ताजे करा, मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं ती यादी तपासा, वादळाच्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्या एका नातेवाइकाचाही नंबर घ्या. तान्ह्या बाळांसाठी पाणी न मिसळता पाजता येईल असं तयार फॉर्म्युला दूध ठेवा, कारण पुरानंतर नळाच्या पाण्याचा भरवसा नसतो. प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, ॲलर्जी, औषधं आणि पालकांचा नंबर लिहिलेलं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घाला, सोबत अलीकडचा फोटो. हे कागदी काम वाटेल, पण २००५ च्या कॅटरिना वादळानंतर पाच हजारांहून जास्त मुलांची घरच्यांशी ताटातूट झाल्याची किंवा ती बेपत्ता असल्याची नोंद झाली. शेवटचं मूल घरच्यांना भेटेपर्यंत काही महिने गेले. दीड वर्षाच्या मुलाला स्वतःचं आडनाव कुठून सांगता येणार?

वॉर्निंग लागल्यावर कामं थोडीच उरतात: मुलं यादीतल्या माणसाकडे सही घेऊन सोपवायची आणि पाळणाघर बंद करायचं.

आणखी एक गल्लत नेहमी होते. वॉर्निंग म्हणजे घर सोडण्याचा आदेश नव्हे. तो आदेश स्थानिक प्रशासन काढतं आणि वॉच असतानाही काढू शकतं. तो आला की वॉर्निंगची वाट बघू नका.

वॉर्निंग उठली म्हणून लगेच पाळणाघर उघडू नका. आधी पाणी, वीज, भिंतींची ओल तपासा. जनरेटर लावावा लागला तर तो बाहेरच, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या बाळाला काही कळतही नाही.