भूल उतरल्यानंतरची झोप

‘घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय’ आणि ‘भूल म्हणजे औषधानं आणलेली गाढ झोप’ ही दोन्ही वाक्यं आपण सर्रास ऐकतो. दोन्ही चुकीची आहेत. स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून पुन्हा पुन्हा श्वास अडण्याचा आजार, असलेल्या माणसाची शस्त्रक्रिया ठरते तेव्हा या दोन गैरसमजांची गाठ पडते आणि ‘घोरण्याचं काय सांगायचं डॉक्टरांना!’ म्हणत पेशंट नेमकी महत्त्वाची गोष्ट सांगायची टाळतो.

गंमत सगळी घशात आहे. नाकाला हाडाचा आधार असतो, श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात. मधला घसा मात्र नुसता स्नायूंचा आणि मऊ. श्वास घेताना आतला दाब कमी होतो आणि भिजलेल्या कागदी स्ट्रॉमधून जोरात ओढल्यावर ती चपटी व्हावी तसा हा भाग मिटू पाहतो. जागेपणी तो मिटत नाही, कारण जीनिओग्लॉसस हा जिभेचा मोठा स्नायू श्वास सुरू व्हायच्या किंचित आधीच ताणला जातो आणि जीभ पुढे ओढून धरतो. झोपेत हा स्नायू सैलावतो.

घसा नेमक्या कोणत्या दाबाला मिटतो हे मोजता येतं. निरोगी माणसाचा घसा झोपेतही मिटायचा तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच खाली जावा लागतो. तीव्र अॅप्निया असेल तर बाहेरच्या हवेइतक्या, कधी त्याहून थोड्या जास्त दाबालाही तो मिटलेलाच असतो. म्हणूनच सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये मांडलेला उपाय इतका सरळ आहे: नाकावाटे सतत थोड्या जादा दाबानं हवा द्यायची. हेच आजचं सीपॅप. फुप्फुसांचाही यात हात आहे. उताणं झोपलं की श्वासपटल वर सरकतं, फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते, श्वासनलिकेला खालून मिळणारी ओढ सुटते आणि घशाची भिंत आणखी ढिली पडते. भुलेत हे सगळं आणखी वाढतं.

मग झोपेत ही माणसं गुदमरून जात का नाहीत? कारण ती जागी होतात. ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदू क्षणभर दचकतो, स्नायू ताणले जातात आणि घसा उघडतो. तीव्र आजारात हे तासाला ३०हून जास्त वेळा घडतं आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. भुलेची औषधं हे दचकणंच बंद पाडतात. झोपेतून माणूस जागा होतो. भुलेतून औषध ओसरल्याशिवाय होत नाही.

गंमत म्हणजे ऑपरेशन टेबलावर एकदा घशातून नळी बसली की हा पेशंट बऱ्यापैकी सुरक्षित असतो. भूलतज्ज्ञ शेजारीच उभे असतात. काळजीची वेळ नंतरची, वॉर्डातली. दुखू नये म्हणून मॉर्फिन किंवा फेंटानिल दिलेलं असतं आणि ही औषधं मेंदूतल्या श्वसनकेंद्राला मंद करतात. त्यात सोबतीला ऑक्सिजन लावलेला असतो. तो लागतोच, पण त्यानं एक फसगतही होते. श्वसन निम्म्यावर आलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड साधारण ४०वरून ८० मिलिमीटर पाऱ्याकडे चढू लागतो. साध्या हवेवर असता तर ऑक्सिजनही धाडकन घसरला असता आणि बोटाला लावलेलं यंत्र ओरडलं असतं. श्वासातला ऑक्सिजन ३० टक्के केला की तेच यंत्र निवांत नव्वदीच्या वरचे आकडे दाखवत राहतं. म्हणून जोखमीच्या पेशंटमध्ये बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं जास्त बोलकं ठरतं.

घोरणं थांबवणाऱ्या चुंबकी अंगठ्या आणि नाकातल्या क्लिपांच्या जाहिराती पाहिल्या की हसू येतं. बोटातल्या अंगठीनं जिभेचा स्नायू कसा ताणायचा, हे त्या कधीच सांगत नाहीत.

टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये स्लीप अॅप्नियाचा धोका ओळखायला आठ प्रश्नांची एक चाचणी मांडली. जोरात घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब आहे का, आणि पुढे वजन, वय, मानेचा घेर, लिंग. पाच किंवा जास्त ‘हो’ आले की धोका मोठा. मग शक्य तिथे फक्त तेवढाच भाग बधिर करून काम भागवतात, मॉर्फिनसारखी औषधं हात राखून देतात, पेशंट पुरता जागा झाल्यावरच नळी काढतात आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवतात.

एक गोष्ट मात्र घरच्यांनाही ठाऊक हवी. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्री स्वप्नांची झोप जवळपास नाहीशी होते आणि पुढच्या काही रात्रींत ती उट्टं काढते. याच झोपेत स्नायू सर्वांत ढिले असतात. त्यामुळे श्वास अडण्याचं प्रमाण बरेचदा तिसऱ्या रात्रीच्या आसपास सर्वांत जास्त असतं, म्हणजे पेशंटला कदाचित घरी सोडलेलं असताना. सीपॅप वापरत असाल तर स्वतःचं यंत्र आणि मास्क इस्पितळात घेऊन जा, आणि घरी आल्यावर दुपारी डोळा लागणार असला तरी लावा.