सायबर घटना-प्रतिसाद

सायबर घटना-प्रतिसाद : संगणक यंत्रणेत घुसखोरी झाली, रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, फायली कुलूपबंद केल्या किंवा ग्राहकांची माहिती चोरीला गेली, तर ती घटना ओळखणे, आवरणे, निस्तरणे आणि पुढच्या वेळेसाठी शहाणे होणे या कामाला हे नाव आहे. कार्यालयांत त्याला ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स’च म्हणतात.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने इंटरनेटशी जोडलेली हजारो यंत्रे ठप्प केली. कोणी कोणाला फोन करायचा हेच तेव्हा ठरलेले नव्हते. त्यानंतर लगेच पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले समन्वय केंद्र उभे राहिले. भारतात हे काम २००४ पासून सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था करते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावे लागते, १८० दिवसांचे लॉग (यंत्रांनी केलेल्या वेळवार नोंदी) जपावे लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवावी लागतात. घड्याळांची अट किरकोळ वाटते; पण सर्व्हर सात मिनिटे पुढे आणि नेटवर्कची राखण करणारी फायरवॉल चार मिनिटे मागे असेल, तर चोर आधी कुठल्या दाराने शिरला हे लॉग वाचून सांगता येत नाही.

नागपुरात हा विषय मिहानमधल्या आयटी कंपन्यांपुरता उरलेला नाही. धंतोली-रामदासपेठेतली रुग्णालये, हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने, सहकारी पतसंस्था हे सगळे संगणकावर चालतात, आणि लहान संस्थेत सुरक्षेची जबाबदारी बहुधा एका ‘सिस्टिमवाल्या’वर आणि फोनवर सापडला तर सापडणाऱ्या व्हेंडरवर असते. अशा ठिकाणी पहिल्या तासातच नुकसान वाढते. घाबरून कोणीतरी यंत्र बंद करतो आणि मेमरीतला पुरावा पुसला जातो. कोणी तडक फॉरमॅट मारतो. बाधित यंत्राची नेटवर्कची तार काढावी, वाय-फाय तोडावे, यंत्र मात्र सहसा चालू ठेवावे. फाइली डोळ्यांदेखत लॉक होत असतील आणि यंत्र वेगळे काढणे जमत नसेल, तर बंद करण्याला पर्याय नाही. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी, कारण जोडलेला बॅकअप रॅन्समवेअरच्याही हाती लागतो. जबाबदार माणसांचे मोबाईल क्रमांक कागदावर छापून भिंतीला लावावेत. ईमेलच बंद पडल्यावर ईमेलमधली यादी काय कामाची?

आवरणे आणि समूळ काढणे यांतला फरक पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात दिसतो. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ ऑगस्टच्या सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्गे आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटींचा. एक दार लावले म्हणजे घुसखोर घराबाहेर गेला, असे धरून चालता येत नाही.

सुधारणेचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तालीम, आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. त्याचे धडे नागपुरात शेजारीच मिळतात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून याच शहरात आहे, आणि आग लागल्यावर पाइप कोणी धरायचा याची चर्चा कोणताही अग्निशामक करत बसत नाही. सायबर तालमीला बंबही लागत नाही. टेबलाभोवती व्यवस्थापक, लेखापाल, सिस्टिमवाला आणि जनसंपर्क पाहणारा बसतात. ‘शनिवारी रात्री अकरा वाजता बिलिंग उघडत नाही, पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आहे’ एवढे वाक्य पुरते. सर्व्हर नेटवर्कपासून तोडण्याचा निर्णय कोणाचा, या पहिल्याच प्रश्नाला सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तर तालमीचे निम्मे काम तिथेच झाले.

अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेची घटना-प्रतिसादाची मार्गदर्शिका २००४ ची. तिच्या २०१२ च्या आवृत्तीत तयारी, ओळख, आवरणे-निस्तरणे आणि घटनेनंतरचे काम असे चक्र होते. एप्रिल २०२५ च्या आवृत्तीने प्रतिसाद हा संस्थेच्या रोजच्या जोखीम-व्यवस्थापनाचाच भाग मानला. ते बरोबरच आहे, कारण चक्रातला शेवटचा टप्पा कागदावरच राहत असे. यंत्रणा सुरू झाली की पेढे वाटायचे आणि फसव्या लिंकवर क्लिक करणाऱ्या कारकुनाला मेमो द्यायचा : चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढचा कारकून मग चूक लपवतो आणि ६ तासांची मुदत कोणाला कळण्याआधीच निघून जाते. म्हणून घटनेनंतरच्या बैठकीत ‘कोणी केले’ याऐवजी ‘ते करणे इतके सोपे कसे होते’ हे विचारतात. निघालेल्या प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख लिहितात, आणि पुढच्या तालमीची सुरुवात त्याच कागदाने होते.