विद्यापीठातलं वाय-फाय, ईमेल आणि घरबसल्या जर्नल: खातं कसं काढायचं

प्रवेशाची पावती हातात पडली की मुलं आधी हॉस्टेल गाठतात आणि मग संगणक केंद्राची खिडकी. सत्र सुरू होताना तिथली रांग जिन्यापर्यंत जाते, आणि बरेच जण किरकोळ कारणासाठी माघारी फिरतात. मी काही वर्षं त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे. तपशील विद्यापीठागणिक थोडा बदलतो, पण गाडी अडते ती ठिकाणं सगळीकडे तीच.

खातं कोणाला मिळतं

विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांत शिकणारे नियमित विद्यार्थी, पीएचडीचे संशोधक, शिक्षक आणि कर्मचारी. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही मिळतं, पण नेमणुकीच्या आदेशावर जी शेवटची तारीख असते त्याच दिवशी ते बंद होतं. मुदतवाढ झाली तर नवा आदेश घेऊन पुन्हा या. संलग्न महाविद्यालयांतली मुलं अनेकदा इथे येऊन रांगेत उभी राहतात. पदवीवर विद्यापीठाचं नाव असलं, तरी त्यांचं खातं त्यांच्या महाविद्यालयातूनच निघतं.

काय काय आणायचं

पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) छापलेली प्रवेशपावती, ओळखपत्र (ते अजून आलं नसेल तर विभागाचं बोनाफाईड) आणि विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचा अर्ज. पीएचडीला नोंदणीपत्र आणि मार्गदर्शकांची सही. आधारची झेरॉक्स मागितलीच, तर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून शेवटचे 4 अंकच दिसणारं मास्क्ड आधार काढून द्या.

सर्वात जास्त अर्ज परत जातात ते नावामुळे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, अर्जात वडिलांचं नाव गाळलेलं. यंत्रणा ही तीन माणसं समजते. अर्जात पावतीवरचंच नाव, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधक बाईंनी आधी विद्यापीठाच्या नोंदीत नाव बदलून घ्यावं. खिडकीवर राजपत्र दाखवून काम होत नाही, कारण आमच्या हातात ती नोंद नसतेच.

फोन आणि लॅपटॉपची नोंद

बऱ्याच ठिकाणी उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ते उपकरण ओळखण्याचा क्रमांक, द्यावा लागतो. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन प्रत्येक नेटवर्कला खऱ्याऐवजी एक बनावट मॅक पत्ता दाखवतो. मुलं सेटिंगमधला खरा पत्ता अर्जात लिहितात, फोन दुसराच सांगतो, आणि नेट चालत नाही. आपल्या वाय-फायच्या नावावर टिचकी मारा, प्रायव्हसीत जाऊन ‘डिव्हाइस मॅक’ निवडा. आयफोनवर ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ बंद करा. हे फक्त कॅम्पसच्या नेटवर्कपुरतं. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायला बनावट पत्ताच बरा.

तुमचं विद्यापीठ एज्युरोममध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांच्या सामायिक वाय-फाय सोयीत, असेल तर चैन आहे. भारतात ते अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था चालवते, आणि त्याच नाव-पासवर्डवर आयआयटी मुंबईतही नेट लागतं, कारण पासवर्ड तपासायला विनंती तुमच्याच विद्यापीठाच्या सर्व्हरकडे परत येते. म्हणून तिथे नुसतं नाव चालत नाही, ॲटच्या पुढचा एसी डॉट इनपर्यंतचा सगळा पत्ता टाकायचा. नव्या अँड्रॉइडमध्ये ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय बहुधा दिसत नाही. तिथे ‘डोमेन’चा रकाना रिकामा सोडलात तर जोडणीच होणार नाही. तो मजकूर केंद्राकडून लिहूनच घ्या.

खातं मित्राला देऊ नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांना 180 दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेच्या वापराच्या नोंदी, जपाव्या लागतात. रात्री दोन वाजता मित्राने काही उद्योग केला, तर नाव तुमचं निघतं.

घरून जर्नल

घरून जर्नल (संशोधन नियतकालिकं) वाचायचं खातं संगणक केंद्राकडे नाही, ग्रंथालयाकडे मागायचं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची इन्फेड ही सोय आहे. प्रकाशकाच्या पानावर संस्था निवडून लॉगिन केलं की कॅम्पसबाहेरूनही लेख उघडतो. 1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी संस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल मिळू लागली, तेव्हापासून हा अर्ज न करणं म्हणजे ताटातली पोळी टाकून देण्यासारखं आहे.

बिघाड

प्रयोगशाळेतला संगणक बंद पडला तर त्याच्यावर चिकटवलेला जडवस्तू नोंदीचा (डेड स्टॉकचा) क्रमांक तक्रारीत लिहा. ‘तिसऱ्या रांगेतला कोपऱ्यातला’ असं लिहिलेली चिठ्ठी फायलीत पडून राहते. तुमचा स्वतःचा लॅपटॉप केंद्र सहसा दुरुस्त करत नाही, फक्त नेटपुरतं बघून देतं.

जाताना

ना-देय दाखल्यावर आमची सही झाली की खातं काही दिवसांत बंद होतं. गूगल पूर्वी विद्यापीठांच्या खात्यांना साठवणुकीची अमर्याद जागा द्यायचं. 2022 पासून अख्ख्या संस्थेत मिळून 100 टेराबाइट, त्यामुळे जुनी खाती ठेवायला आता कोणी तयार नसतं. सहीला येण्याआधी गूगलची टेकआउट ही सोय वापरून ड्राइव्ह उतरवून घ्या. आणि ऑर्किडला (संशोधकांना कायमचा ओळख क्रमांक देणाऱ्या साइटला) नुसता विद्यापीठाचा ईमेल दिला असेल, तर विद्यापीठाचं खातं चालू आहे तोवर तिथे स्वतःचा ईमेलही जोडा. नंतर पासवर्ड विसरलात तर तो बदलायची लिंक ज्या पत्त्यावर जाईल, तो पत्ता तेव्हा उरलेला नसेल.