थाई जोडीदाराशी लग्न आणि मग यूकेचा स्पाउस व्हिसा : अम्फरपासून अर्जापर्यंत काय काय लागतं

यूकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी अधूनमधून विचारतंच, की थाई मुलीशी (किंवा मुलाशी) जमलंय, गावाकडे जाऊन लग्नपण लावून आलोय, आता तिला इकडे कसं आणायचं. पहिला प्रश्न मी उलट विचारतो, लग्न कुठे लावलं? उत्तर बहुतेक वेळा असतं की सकाळी भिक्खू आले, मंत्र झाले, हातावर पाणी सोडलं, दोरा बांधला, चारशे लोक जेवले. छान झालं, पण व्हिसाच्या हिशोबात हे लग्नच नाही. थायलंडमध्ये कायद्याने लग्न म्हणजे अम्फरमध्ये, म्हणजे आपल्या तहसील कचेरीसारख्या जिल्हा ऑफिसात जाऊन केलेली नोंदणी, बँकॉकमध्ये असाल तर त्याला खेत म्हणतात. बाकी सगळा समारंभ म्हणजे फोटोंचा पुरावा, तोही कामाचा आहे, पण पुढे.

आधी कोण बोलावू शकतं ते बघा. तुम्ही ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असाल, किंवा आयएलआर असेल, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, तर हा रस्ता तुमचा. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांनी हे वाचून गोंधळून जाऊ नका, तुमचं डिपेंडंटचं प्रकरण वेगळं आणि त्याचे नियमपण वेगळे. दोघांचं वय 18 पूर्ण हवं, दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत, आणि आधीची लग्नं कागदोपत्री संपलेली हवीत. 23 जानेवारी 2025 पासून थायलंडमध्ये समलिंगी लग्नाचीपण नोंदणी होते, आणि यूकेच्या अर्जात त्या लग्नाला कसलाही वेगळा नियम नाही.

आता अम्फरचं. परदेशी माणसाला तिथे "मी लग्नाला मोकळा आहे" असा कागद लागतो, आणि तो आपल्या देशाच्या दूतावासातून घ्यायचा, म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट असेल तर बँकॉकच्या ब्रिटिश एम्बसीतून, आणि आयएलआर आहे पण पासपोर्ट अजून भारतीयच आहे तर भारतीय एम्बसीतून (इथे बरेच जण चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात). घटस्फोट झालेला असेल तर त्याचा फायनल कागद बरोबर ठेवा. मग त्या दाखल्याचं थाई भाषांतर करायचं, ते थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागात, बँकॉकच्या चेंग वत्थना भागात, शिक्का मारून आणायचं आणि तो शिक्का घेऊन अम्फरला जायचं. तीन-चार वर्किंग दिवस तरी हातात ठेवा, आणि सोंगक्रानच्या (थाई नववर्षाच्या) आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला तर जाऊच नका, सगळं बंद असतं.

जोडीदाराचं ओळखपत्र आणि तबियन बान लागतं. तबियन बान म्हणजे घराच्या पत्त्याची नोंदवही, आपल्या जुन्या रेशनकार्डासारखी मनात धरा, कोण कुठल्या घरात नोंदलेलं आहे ते त्यात असतं. दोन साक्षीदार लागतात, थाई येत नसेल तर दुभाषा. ऑफिसात जाऊन नोंदणीला फी नाही. शेवटी हातात दोन कागद येतात, खॉ रॉ 2 म्हणजे नोंदवहीचा उतारा आणि खॉ रॉ 3 म्हणजे ते नक्षीवालं सर्टिफिकेट. लोक नक्षीवालं तेवढं जपतात आणि दुसरा कागद सासूबाईंच्या कपाटात सोडून येतात. दोन्ही लागतात, दोन्ही आणा.

एक कलम फार लोकांना माहीत नसतं. बाईचा आधीचा घटस्फोट होऊन 310 दिवस झाले नसतील तर पुन्हा पुरुषाशी लग्न नोंदवताना गरोदर नसल्याचं डॉक्टरी सर्टिफिकेट मागतात. म्हणजे लग्न अडत नाही, पण शुक्रवारी दुपारी अम्फरच्या खिडकीपाशी हे कळलं तर विमान चुकतं. थाई घटस्फोटाचे कागद म्हणजे खॉ रॉ 6 आणि खॉ रॉ 7, ते व्हिसाच्या अर्जालापण जोडायचे आहेत, त्यामुळे आधीच काढून ठेवा.

तिला भारतात नेऊन पुण्यात लग्न लावायचं असेल तरी चालतं, पण मग स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली एकाने तरी त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेलं असावं लागतं आणि वर नोटिशीचे 30 दिवस. सुट्टी काढून आलेल्या माणसाला एवढा वेळ कुठे असतो. आणि नंतर ते भारतातलं लग्न थायलंडमध्ये अम्फरला नोंदवायचं झालं तर तिथे वेगळा कागद, खॉ रॉ 22. मला विचाराल तर बँकॉकचाच रस्ता सरळ.

आता माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते, नावं आणि तारखा. थाई माणसाला दोन नावं असतात. एक पासपोर्टावरचं लांबलचक, आणि एक घरचं, नोक, लेक, फोन, मिंट असं काहीतरी, आणि जगात सगळे त्याच नावाने ओळखतात. तुमच्या चॅटमध्ये नोक, फोटोखाली नोक, तुमच्या आईच्या पत्रात नोक, आणि पासपोर्टवर भलतंच कुणीतरी. आपल्याकडे बाळासाहेबांचं खरं नाव शेजाऱ्यांना माहीत नसतं तसंच हे, पण व्हिसा ऑफिसरला ते कसं कळणार? कव्हरिंग लेटरमध्ये एक ओळ स्पष्ट लिहा की चॅटमधली नोक म्हणजेच अर्जदार. त्यातून थाई लोक नाव बदलतातपण सर्रास, कुणी भटजींनी सांगितलं म्हणून, कुणी नशीब फिरावं म्हणून. नाव बदललं असेल तर त्याचं अम्फरचं प्रमाणपत्र भाषांतरासकट जोडा, नाहीतर जन्मदाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी.

लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हे तिकडे बाईच्या मर्जीवर आहे, आणि नावापुढे नांग लावायचं का नांगसाव (सौ. की कु. म्हणा ना), तेसुद्धा 2008 पासून तिनेच ठरवायचं. काहीही ठरवा पण अर्जाच्या आधी ठरवा. आडनाव बदललं तर आधी ओळखपत्र, तबियन बान, मग नवा पासपोर्ट, आणि त्यानंतरच इंग्रजीची परीक्षा, टीबी टेस्ट, व्हिसा अर्ज. आमच्या ओळखीतल्या एकाने हे उलट क्रमाने केलं. परीक्षा जुन्या नावाने, पासपोर्ट नव्या नावाने, आणि परीक्षा परत दिली कारण पत्रापत्री करत बसण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

तारखांचं तर विचारूच नका. थाई कागदांवर बौद्ध सन असतो, आपल्या सनात 543 मिळवलेला, म्हणजे 2025 म्हणजे 2568. भाषांतर करणाऱ्याने एक आकडा चुकवला की बायकोचा जन्म तुमच्या सासूच्या लग्नाआधी होतो. मी स्वतः एका भाषांतरात लग्नाची तारीख घटस्फोटाच्या आधीची बघितलीय, म्हणजे कागदोपत्री माणूस दोन बायकांचा! प्रत्येक भाषांतर हातात आलं की 543 वजा करून स्वतः तपासा. आणि भाषांतराखाली ते बरोबर असल्याचं वाक्य, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा, नुसता गोल शिक्का नको.

आता पैसे. 11 एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न लागतं, आधी 18,600 होतं. आणि हे यूकेतल्या जोडीदाराचं उत्पन्न, तिकडे तिचा पगार कितीही चांगला असो, पहिल्या अर्जात धरत नाहीत. एकाच कंपनीत सहा महिने किंवा जास्त असाल तर सहा महिन्यांच्या पेस्लिप, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. ठरलेला पगार असेल तर त्या सहा महिन्यातला सगळ्यात कमी पगार धरून वर्षाचा हिशोब करतात, म्हणजे महिन्याला साधारण 2,417 पौंडाच्या खाली एकही महिना नको. ऑक्टोबरमध्ये पगारवाढ झाली म्हणून नोव्हेंबरमध्ये अर्ज टाकला तर जुना पगारच धरला जातो, थांबा. तासावर काम असेल तर सरासरी काढतात. नोकरी सहा महिन्यांपेक्षा नवी असेल तर मागच्या बारा महिन्यांचा हिशोबपण लागतो. स्वतःचा धंदा असेल तर मागचं पूर्ण आर्थिक वर्ष, आणि त्यात बचत मिसळता येत नाही.

बचतीवर करायचं म्हटलं तर उत्पन्न शून्य धरून 88,500 पौंड लागतात, आणि ते सहा महिने खात्यात पडून हवेत. इथे एक थाई गंमत. तिकडे सिन सोत म्हणून मुलाकडून मुलीच्या आईबापांना पैसे द्यायची पद्धत आहे, आपल्या हुंड्याच्या बरोब्बर उलटी, आणि लग्नात नोटांचा ढीग सगळ्यांसमोर मांडतात. बऱ्याच ठिकाणी नंतर परत देतातही. पण बचतीवर अर्ज करणाऱ्याच्या खात्यातून तेवढी रक्कम मधल्या सहा महिन्यात बाहेर गेली आणि शिल्लक 88,500 च्या खाली आली, तर परत आली तरी सहा महिन्यांचं मीटर पहिल्यापासून. म्हणून दिखाव्याचे पैसे वेगळ्या खात्यातून काढा. पीआयपी (अपंगत्वाचा भत्ता) किंवा केअरर्स अलाउन्ससारखा (आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याचा) भत्ता मिळत असेल तर 29,000 ची अट लागू नाही, तिथे घरभाडं वजा जाता पुरेसे पैसे उरतात का एवढंच बघतात.

घराचं भाडेपत्र किंवा मॉर्गेजचा कागद, आणि गर्दी होणार नाही एवढी खोली. दुसऱ्या कुटुंबाबरोबर राहत असाल तर घरमालकाचं संमतीपत्र.

इंग्रजीची परीक्षा पहिल्या अर्जाला ए1, नुसतं बोलणं आणि ऐकणं, बँकॉकमध्ये होते. आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए1 किंवा होम ऑफिसने मान्य केलेली दुसरी ए1 परीक्षा द्यायची, नेहमीची मोठी आयईएलटीएस नाही. मुक्कामाची मुदत वाढवताना ए2, आणि कायमच्या परवानगीला बी1, त्यामुळे पहिली पास झाली म्हणून पुस्तकं देऊन टाकू नका. टीबीची तपासणी बँकॉकला आयओएमच्या (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या) क्लिनिकमध्ये, सर्टिफिकेट सहा महिने चालतं. गरोदर असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगावं.

नातं खरं आहे याचा पुरावा म्हणून लोक लाइन अ‍ॅपवरच्या चॅटची दोन हजार पानं छापतात. कोण वाचणार? थाई लोक व्हॉट्सअ‍ॅप फारसं वापरत नाहीत, लाइनच, तर त्यातली दर दोन-तीन महिन्यातली एखाद-दोन पानं, कॉलची यादी, पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, हॉटेलची दोघांच्या नावाची बिलं, पाठवलेले पैसे, आणि पंधरा-वीस फोटो, प्रत्येकाखाली कुठे, कधी, कोण. घरच्यांबरोबरचे फोटो घ्या. वरात येते तेव्हा मुलीकडचे सोन्याची साखळी आडवी धरतात आणि पाकीट दिल्याशिवाय नवऱ्याला आत सोडत नाहीत (आपल्या करवल्या बुटांसाठी जसं अडवतात अगदी तसं), तो फोटो तर जरूर टाका, त्यात दोन्ही घरचे एका फ्रेममध्ये येतात.

तिला आधीच्या नात्यातलं मूल असेल तर त्याचा वेगळा अर्ज, आणि मुलाची संपूर्ण जबाबदारी तिच्याकडेच आहे हे दाखवावं लागतं. अम्फरमधून पॉ खॉ 14 नावाचं पत्र मिळतं, ते घ्याच, पण तेवढ्यावर भागत नाही. शाळेची, दवाखान्याची पत्रं, बापाचा काय संबंध आहे किंवा नाही, सगळं मांडा. मूल चार वर्षं आजीकडे इसानला, म्हणजे ईशान्य थायलंडात, वाढलं असेल तर निर्णय कोण घेत होतं हा प्रश्न येणारच.

मधला शॉर्टकट पुष्कळ जण सुचवतात, की टुरिस्ट व्हिसावर आणू आणि इथेच बदलून घेऊ. होत नाही. व्हिजिटरवरून स्पाउसमध्ये यूकेच्या आत बदलता येत नाही, परत जाऊन बाहेरूनच अर्ज. लग्न इथे लावायचंय तर फियान्से व्हिसा आहे, सहा महिन्यांचा, पण त्यात नोकरी करता येत नाही आणि लग्नानंतर पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी.

फी बसून वाचा. एप्रिल 2025 च्या दराने अर्जाचे 1,938 पौंड, शिवाय एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) सरचार्ज वर्षाला 1,035, व्हिसा 33 महिन्यांचा असला तरी पैसे तीन वर्षांचे, म्हणजे 3,105. मिळून 5,043, वर परीक्षा, टीबी, भाषांतरं. फी बदलत असते, पैसे भरायच्या दिवशी गव्ह डॉट यूकेवर बघा. अर्ज ऑनलाइन, कागद स्कॅन करून स्वतःच अपलोड करा, मग बँकॉकच्या व्हीएफएस या व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो. पेस्लिप आणि स्टेटमेंट अर्जाच्या तारखेपासून 28 दिवसांच्या आतली हवीत, ठशांच्या तारखेपासून नाही, हे लक्षात ठेवा. निकालाला साधारण 12 आठवडे. नकार आला तर सरचार्ज परत मिळतो, अर्जाची फी नाही, आणि अपिलाला बाहेरून 28 दिवस.

व्हिसा मिळाला की लोक महिने-महिने तिकडे रेंगाळतात, घर आवरायचंय, आजीला भेटायचंय. तसं करू नका. कायमच्या परवानगीची पाच वर्षं यूकेत पाऊल ठेवल्यापासून मोजतात, आणि पहिल्या व्हिसाचे 33 अधिक मुदतवाढीचे 30 महिने म्हणजे 63, त्यात 60 पूर्ण व्हायला हवेत. तीन महिन्यांपेक्षा फार उशिरा आलात तर शेवटी थोड्यासाठी आणखी एक मुदतवाढ आणि आणखी एक सरचार्ज भरावा लागू शकतो. आणि ती आली की पहिल्याच आठवड्यात कौन्सिल टॅक्सवर, बँकेत, जीपीकडे तिचं नाव घाला, पासपोर्टवर आहे तेच, नोक नाही.