पाच डॉलरची देणगी आणि अब्जांची देणगी: विद्यापीठांच्या निधी उभारणीची पार्श्वभूमी

1964 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून पदवी घेतलेल्या एका तरुणाने पुढच्या वर्षी आपल्या विद्यापीठाला 5 डॉलर पाठवले. तेव्हा त्याला तेवढेच परवडत होते. फूल ना फुलाची पाकळी म्हणतात, तशी ती देणगी. त्या तरुणाचे नाव मायकेल ब्लूमबर्ग. 2018 मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठाला 1.8 अब्ज डॉलर दिले, तेही पदवीच्या गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मिळावी म्हणून. गाजली ती अर्थातच दुसरी देणगी. मला मात्र पहिली जास्त मोलाची वाटते. आज आटत चालला आहे तो त्या 5 डॉलरांचा झरा.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना 2024 च्या आर्थिक वर्षात सुमारे 61.5 अब्ज डॉलर देणग्या मिळाल्या. हा आकडा गेल्या काही दशकांत एकंदरीत चढत गेला आहे. देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे प्रमाण मात्र त्याच काळात घसरत आले. रक्कम वाढते आहे आणि देणारे हात कमी होत आहेत. हे कसे झाले ते समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

विद्येच्या जुन्या केंद्रांचा पोशिंदा म्हणजे जमीन. सातव्या शतकात नालंदा पाहिलेल्या चिनी यात्रेकरूंनी त्या विहाराला शंभरावर गावांचे उत्पन्न लावून दिल्याचे लिहून ठेवले आहे. इस्लामी जगातले मदरसे वक्फवर चालत. रोबेर द सोर्बों यांनी 1257 च्या सुमारास पॅरिसमध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय काढले. 1264 मध्ये वॉल्टर डी मर्टन यांनी आपल्या इस्टेटी लावून देऊन ऑक्सफर्डमधल्या मर्टन कॉलेजचा पाया घातला. मुद्दलाला हात लावायचा नाही, येणाऱ्या उत्पन्नावर संस्था चालवायची, हा नियम तेव्हापासूनचा. आजचा अब्जावधींचा अक्षयनिधी त्याच नियमावर उभा आहे. फक्त शेताच्या जागी शेअर आले.

हार्वर्डची सुरुवात फार बोलकी आहे. 1638 मध्ये जॉन हार्वर्ड नावाचा तरुण धर्मोपदेशक वारला आणि त्याने आपली अर्धी मालमत्ता व सुमारे चारशे पुस्तके दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाला ठेवली. पुढच्या वर्षी संस्थेला त्याचे नाव मिळाले. पण त्या पैशावर किती दिवस भागणार? 1641 मध्ये तिथल्या इंग्रज वसाहतीने तिघांना समुद्रापार इंग्लंडला धाडले, देणग्या मागायला. त्यांच्या कामासाठी 1643 मध्ये लंडनमध्ये महाविद्यालयाची माहिती देणारे एक पत्रकही छापले गेले. आज संस्थेची माहितीपुस्तिका हातात घेऊन देणगीदाराकडे जाणारा अधिकारी त्यांचाच वारस. त्याच वर्षी लेडी अॅन मोल्सन यांनी 100 पौंड दिले आणि हार्वर्डची पहिली शिष्यवृत्ती सुरू झाली.

यापेक्षाही मोलाची वाटते ती 1644 ची हाक. न्यू इंग्लंडच्या वसाहतींनी दर कुटुंबाकडे महाविद्यालयासाठी पाव बुशेल धान्य किंवा 12 पेन्स मागितले. काही वर्षे हे ‘कॉलेज कॉर्न’ जमा होत राहिले. ज्यांची मुले कधी हार्वर्डची पायरी चढणार नव्हती, त्यांच्याही घरातले धान्य तिथे पोचले. मोठ्या धनिकाचे मृत्युपत्र आणि सामान्य घरातले धान्य, हे दोन्ही प्रवाह आरंभापासून बरोबर वाहत आले आहेत.

पैसा कुठून आला हा प्रश्नही तितकाच जुना. एलिहू येल हे ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासचे गव्हर्नर होते आणि स्वतःचे खिसे भरल्याच्या आरोपांमुळे त्यांना त्या पदावरून जावे लागले होते. 1718 मध्ये त्यांनी कनेटिकटमधल्या एका धडपडणाऱ्या महाविद्यालयाला कापडचोपडाचे गठ्ठे, 417 पुस्तके आणि राजा जॉर्जचे चित्र पाठवले. मालाच्या विक्रीतून सुमारे 562 पौंड आले आणि महाविद्यालयाने नाव बदलले. इमारतीवर दात्याचे नाव कोरण्याचा रिवाज आपण नवा समजतो, इथे तर अख्खी संस्थाच एका नावावर गेली. जेसुइट पंथीयांनी 1838 मध्ये 272 गुलाम माणसे विकली आणि त्या पैशाचा काही भाग त्यांच्या जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडायला गेला. हा हिशेब अलीकडे कुठे उघडपणे मांडला जाऊ लागला आहे.

1819 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात सांगितले की महाविद्यालयाची सनद हा करार आहे, राज्य सरकारला तो मनमानीने बदलता येणार नाही. खासगी दात्याला यातून हमी मिळाली की आपला पैसा उद्या सरकारजमा होणार नाही. पुढच्या मोठ्या देणग्यांना या निकालाने जमीन तयार करून दिली.

मग आला रेल्वे, पोलाद आणि तेलाचा पैसा. 1873 मध्ये वारलेल्या जॉन्स हॉपकिन्स यांनी विद्यापीठ व रुग्णालय यांच्यासाठी मिळून 70 लाख डॉलर ठेवले. विद्यापीठाचा वाटा मुख्यतः एकाच रेल्वे कंपनीच्या शेअरमध्ये होता. 1880 च्या दशकाच्या अखेरीस त्या कंपनीने लाभांश थांबवला आणि विद्यापीठाची पाचावर धारण बसली. तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांनी शिकागो विद्यापीठासाठी 6 लाख डॉलर कबूल केले, पण इतरांकडून 4 लाख उभे राहिले तरच, अशा अटीवर. ही अट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पैशाबरोबर अटी आल्या की विद्यापीठ किती वाकते, हेही याच काळात दिसले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी 1905 मध्ये प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी 1 कोटी डॉलर दिले, पण एखाद्या धर्मपंथाच्या ताब्यातल्या महाविद्यालयांना त्यातून वगळले. काही संस्थांनी आपला पंथाशी असलेला संबंध सैल केला. स्टॅनफर्डमध्ये संस्थापकाच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांची भाषणे खपली नाहीत आणि 1900 मध्ये रॉस यांना जावे लागले. रॉस यांची आशियाई स्थलांतरितांविषयीची मते आज वाचवत नाहीत, पण एका देणगीदाराच्या नाराजीवर प्राध्यापकाची नोकरी जाऊ शकते, हे पाहून अध्यापकवर्ग हादरला. 1915 मध्ये अमेरिकी प्राध्यापकांची संघटना उभी राहिली, त्यामागे ही घटनाही होती.

‘अनेकांनी थोडे थोडे द्यावे’ ही पद्धत आपोआप तयार झालेली नाही. ती घडवावी लागली. 1890 मध्ये येलने माजी विद्यार्थ्यांकडून दर वर्षी मागण्याचा रिवाज सुरू केला. ठरावीक मुदत, ठरावीक रक्कम, स्वयंसेवकांच्या तुकड्या आणि वर्तमानपत्रांतून रोजचा आकडा, हा मोहिमेचा साचा विसाव्या शतकाच्या आरंभी वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या चार्ल्स वॉर्ड व लायमन पियर्स यांनी बसवला. पहिल्या महायुद्धानंतर हार्वर्डने दीड कोटी डॉलरच्या आसपासचे उद्दिष्ट ठेवून तशीच मोहीम काढली. तिचे काम पाहणाऱ्या जॉन प्राइस जोन्स यांनी पुढे हाच व्यवसाय केला. दरम्यान 1917 च्या युद्धकर कायद्यात देणगीवर आयकराची सूट आली. वाढलेल्या करांमुळे दानाचा ओघ थांबेल, ही भीती तिच्यामागे होती. पुढची शंभर वर्षे या एका कलमाने देणगीदारांना मोठे बळ दिले.

या परंपरेतला सर्वांत सुंदर प्रयत्न मला 1944 चा वाटतो. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना तोवर मोजक्या गोऱ्या धनिकांच्या मर्जीवर राहावे लागे, आणि त्यांच्यापैकी अनेकांना तिथे फक्त हातकामाचे शिक्षण दिले जावे असे वाटे. टस्कीगी या अशाच एका संस्थेचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने 27 महाविद्यालयांनी एकत्र येऊन मागायचे ठरवले आणि युनायटेड निग्रो कॉलेज फंड जन्माला आला. एकाच दाराशी सत्तावीस जणांनी वेगवेगळे जाण्यापेक्षा सत्तावीस जणांनी मिळून हजारो दारांशी जायचे, असा तो विचार.

दुसऱ्या महायुद्धानंतर रकमा फुगत गेल्या. 1955 मध्ये फोर्ड फाउंडेशनने प्राध्यापकांचे पगार वाढावेत म्हणून 600 हून अधिक खासगी महाविद्यालयांना मिळून 21 कोटी डॉलर जाहीर केले. 1957 मध्ये हार्वर्डने 8 कोटी 25 लाखांची मोहीम काढली तेव्हा लोक थक्क झाले. तीसच वर्षांत स्टॅनफर्डचे लक्ष्य 1.1 अब्जांचे होते. ब्रिटनमध्ये सरकारी अनुदान पुरत असे तोवर कुणी फारसे मागत नव्हते. 1980 च्या दशकात अनुदानाला कात्री लागली आणि 1988 मध्ये ऑक्सफर्डनेही मोहीम उघडली. सरकारने हात आखडता घेतला की विद्यापीठ देणगीदाराकडे वळते, हा क्रम नंतर इतर देशांतही दिसला.

1985 मध्ये डेव्हिड स्वेन्सन येलचा निधी सांभाळू लागले तेव्हा तो 1 अब्ज डॉलरच्या आसपास होता. 2020 मध्ये तो 31 अब्जांवर पोचला. खासगी कंपन्यांत, जंगलांत, जमिनींत पैसा गुंतवण्याची त्यांची रीत सगळ्यांनी उचलली. पण एवढे मोठे आकडे ऐकल्यावर साध्या नोकरीतला माजी विद्यार्थी विचारतो, माझ्या पन्नास डॉलरांची त्यांना काय गरज? आणि तो चुकत नाही. त्यात शिक्षणकर्जाचे हप्ते फेडणाऱ्याला त्याच संस्थेला वर देणगी देणे जड जाते. देणगी मागायला घरच्या फोनवर संध्याकाळी येणारा विद्यार्थ्यांचा फोनही आता कुणी उचलत नाही. संस्थांचाही दोष आहे. 80 टक्के पैसा 20 टक्के लोकांकडून येतो, असे या क्षेत्रातले लोक पूर्वी म्हणत. तो वाटा आणखी मूठभरांकडे सरकला तसे अधिकाऱ्यांचे लक्षही तिकडेच गेले.

मूठभर दात्यांवर विसंबण्याचे परिणामही दिसले. प्रिन्स्टनला 1961 मध्ये रॉबर्टसन कुटुंबाने साडेतीन कोटी डॉलर दिले. पैसा ठरल्याप्रमाणे वापरला जात नाही म्हणून वारसांनी 2002 मध्ये दावा लावला आणि तो सहा वर्षांनी तडजोडीने मिटला. 2023 च्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व हार्वर्डमध्ये काही बड्या देणगीदारांनी उघडपणे हात आखडता घेतला. पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्षांनी डिसेंबरमध्ये पद सोडले, हार्वर्डच्या अध्यक्षांनी जानेवारीत. कारणे एकाहून अधिक होती, पण देणगीदारांच्या शब्दाचे वजन सगळ्यांनी पाहिले.

याच्या उलट बाजूची माणसेही आहेत. मॅकेन्झी स्कॉट यांनी 2020 मध्ये कृष्णवर्णीयांच्या अनेक महाविद्यालयांना कोणतीही अट न घालता कोट्यवधी डॉलर दिले. 2024 मध्ये रूथ गॉट्समन यांनी ब्रॉन्क्समधल्या वैद्यकीय महाविद्यालयाला 1 अब्ज डॉलर दिले आणि संस्थेचे नाव बदलू नये असे सांगितले. आणि ओसिओला मकार्टी. सहावीत शाळा सुटलेल्या या बाईंनी आयुष्यभर लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पैसे साठवले आणि 1995 मध्ये त्यांतले दीड लाख डॉलर सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला ठेवण्याचे जाहीर केले. त्यांच्या तरुणपणी त्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता.

2017 मध्ये अमेरिकेने मोजक्या श्रीमंत संस्थांच्या अक्षयनिधीच्या उत्पन्नावर 1.4 टक्के कर बसवला. 2025 च्या कायद्याने तो सर्वांत श्रीमंत संस्थांसाठी 8 टक्क्यांपर्यंत नेला. छोट्या देणगीदारांना परत आणण्याची धडपड मात्र वेगळ्याच वाटेने चालू आहे. वर्षातला एक दिवस ठरवून चोवीस तास ऑनलाइन देणग्या गोळा करायच्या, ही रीत गेल्या दशकभरात रुजली. त्या दिवशी एखादा बडा माजी विद्यार्थी जाहीर करतो की आज अमुक इतक्या जणांनी काही ना काही दिले, तर मी माझी मोठी रक्कम देईन. रॉकफेलर यांना इतरांकडून 4 लाख डॉलर हवे होते. आता अट रकमेची नसते, माणसांच्या संख्येची असते, आणि त्या मोजणीत 5 डॉलर देणाराही एक धरला जातो.