पडद्यावरचा ‘तो’ आणि खुर्चीतला ‘मी’

एखाद्या तरुण मुलाला ‘काय झाले?’ असे विचारले की बहुतेक वेळा ‘काही नाही’ एवढेच उत्तर येते. विचारणारा त्यावरून दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळा होतो: एक तर याला खरोखरच काही झालेले नाही, नाही तर हा मुद्दाम लपवतो आहे. मानसशास्त्रातले प्रयोग पाहिले तर तिसरी शक्यता अधिक बळकट वाटते. आत बरेच काही चाललेले असते, पण त्याला नाव काय द्यावे हे त्याचे त्यालाच उमगत नाही.

यातला पहिला निष्कर्ष खोडून काढायला चित्रपटच कामी आले. अ‍ॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन तरुण-तरुणींना भावना जागवणारी चित्रपटांतील दृश्ये दाखवली, पाहताना त्यांच्या चेहऱ्यांचे चित्रण केले आणि नंतर काय वाटले ते विचारले. भावना तरुणींच्या चेहऱ्यावर अधिक स्पष्ट उमटल्या होत्या. किती वाटले, याच्या नोंदींत मात्र दोघांत फरक आढळला नाही. त्याआधी १९९३ मध्ये जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी शस्त्रक्रियेची किळस आणणारी दृश्ये दाखवून काही प्रेक्षकांना बजावले होते की, मनातले काहीही चेहऱ्यावर दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे खरोखरच शांत राहिले, पण किळस तसूभरही कमी झाली नाही आणि घामासोबत बदलणाऱ्या त्वचेच्या विद्युतवाहकतेसारख्या खुणांवरून शरीरावरचा ताण उलट वाढल्याचे दिसले. भरताच्या नाट्यशास्त्राने घाम, रोमांच, कंप, अश्रू अशा आठ गोष्टींना सात्त्विक भाव म्हणून वेगळे काढले, ते उगीच नव्हे. चेहऱ्याला आवर घालता येतो, घामाला नाही.

प्रयोगशाळेत दुःख किंवा भीती हुकमी निर्माण करणे अवघड असते. म्हणूनच ग्रॉस आणि लेव्हनसन यांनी पुढे ४९४ विद्यार्थ्यांवर चाचण्या घेऊन सोळा चित्रपटांतील तुकड्यांचा एक संच तयार केला आणि १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. कोणता तुकडा कोणती भावना जागवतो हे त्यात पारखून ठरवलेले होते. थोडक्यात, चित्रपट भावना जागवतो यात वाद नाही. आपला प्रश्न त्यापुढचा आहे: जागलेली भावना तोंडापर्यंत कशी यावी?

भावना ओळखता आणि सांगता न येण्याच्या अवस्थेला मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अलेक्सिथायमिया’ असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थच ‘भावनेला शब्द नसणे’ असा आहे. रोनाल्ड लेव्हंट यांनी नंतर असे मांडले की, या अवस्थेचे सौम्य रूप पुष्कळ पुरुषांत आढळते आणि त्याचे मूळ मेंदूच्या दोषात नसून वाढवण्याच्या रीतीत आहे. मुलगा म्हणून वाढताना राग तेवढा चालतो. भीती, लाज, एकटेपणा यांचे शब्द न वापरल्यामुळे गंजून जातात. निओबी वे यांनी किशोरवयीन मुलांशी अनेक वर्षे मुलाखतींतून संवाद साधला, त्यातही हेच दिसले. किशोरवयाच्या सुरुवातीला मित्राबद्दल अगदी जिव्हाळ्याने बोलणारी मुले वयात येता येता तीच भाषा टाकून देतात. शब्द मुळात नव्हते असे नाही, ते मध्येच कुठेतरी सुटले.

चित्रपट इथे उपयोगी पडतो तो मुख्यतः एका सर्वनामामुळे. ‘तुला काय वाटते?’ या प्रश्नात उत्तर देणाराच उघडा पडतो. ‘त्याला काय वाटले असेल?’ या प्रश्नात तो आडोशाला उभा राहून बोलू शकतो. ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की, तणावाच्या प्रसंगी माणूस स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घेऊन बोलला, तरी त्याची अस्वस्थता कमी होते. पडद्यावरचे पात्र हे अंतर आयतेच देते. शिवाय चित्रपट पाहताना सगळ्यांचे तोंड एकाच दिशेला असते. कोणी कोणाकडे रोखून पाहत नाही, आणि न बोलता शेजारी बसण्याला निमित्त लागत नाही. हा फायदा क्षुल्लक वाटेल, पण समोरासमोर बसवून ‘बोल’ म्हटले की गप्प होणारे किती तरी जण शेजारी बसून बोलतात.

समजा, आठ-दहा तरुणांनी एक प्रसंग पाहिला. आजारी वडिलांना भेटायला आलेला मुलगा खोलीच्या दारापर्यंत येतो, कडीवर हात ठेवतो आणि परत फिरतो. दिवे लागतात. समुपदेशक विचारतो, ‘तो आत का गेला नाही?’ पहिले उत्तर हमखास ‘वैतागला असेल’ असे येते. ‘कशाला?’ असे विचारल्यावर कोणी म्हणतो, ‘वडिलांचा राग आला असेल.’ मग कोपऱ्यातला एखादा म्हणतो, ‘राग नाही, तो घाबरला होता. वडील असे पडलेले त्याला बघवले नसते.’ वैताग, राग आणि भीती यांत फरक करणे, एवढेच काम त्या दहा मिनिटांत झालेले असते; पण ते मोठे आहे. मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले की, चेहऱ्यावरच्या भावनेला नेमका शब्द दिला की भीतीसारख्या भावनांना चटकन प्रतिसाद देणाऱ्या, मेंदूतील अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावते आणि कपाळामागच्या भागाचे काम वाढते.

चित्रपट नुसता पाहून मात्र फारसे साधत नाही. रोनाल्ड रॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७४ नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासात एका गटाला महिनाभरात पाच चित्रपट पाहून प्रत्येकावर ठरावीक प्रश्नांच्या आधारे चर्चा करायला सांगितले. असे काहीच न केलेल्या जोडप्यांत तीन वर्षांत विभक्त होण्याचे प्रमाण २४ टक्के होते, या गटात ते ११ टक्के राहिले. ही जोडपी होती, एकटे तरुण नव्हेत, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण भर चर्चेवर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उलट टोकालाही धोका आहे. थॉमस शेफ यांच्या मते भावनेशी अंतर फार पडले तर माणूस कोरडा राहतो आणि फार कमी पडले तर वाहून जातो. ज्याचे वडील नुकतेच गेले आहेत त्याला वरचा प्रसंग दाखवणे योग्य नव्हे. आत्महत्येची दृश्ये तर या कामी वापरूच नयेत. त्याच दुःखाचे दळण मित्रामित्रांनी पुन्हा पुन्हा दळत बसण्यानेही मन हलके होत नाही. अमँडा रोझ यांच्या २००२ च्या अभ्यासात अशा बोलण्याचा घट्ट मैत्रीशी संबंध दिसला, पण उदासीशी आणि चिंतेशीही तो आढळला.

चर्चा मुरत गेली की बोलण्यात एक बारीक बदल होतो. ‘तो घाबरला’ म्हणणारा मुलगा थोड्या वेळाने म्हणतो, ‘अशा वेळी माणसाला काही सुचत नाही.’ मग, ‘आपले पायच उचलत नाहीत.’ ‘तो’ आणि ‘मी’ यांच्या मधली ही ‘माणूस’ आणि ‘आपण’ची ओसरी मराठीत आयतीच आहे. अनुभवी समुपदेशक त्याला तिथे निवांत बसू देतो; ‘म्हणजे तुझ्याबाबतीत असे झाले होते का?’ असे विचारण्याचा मोह आवरतो आणि पुढचा प्रश्न पुन्हा दारातल्या त्या मुलाबद्दलच विचारतो.