साल-भुंगेऱ्यांपासून वृक्षांचा बचाव

तांदळाच्या दाण्याएवढे साल-भुंगेरे खोडाची साल पोखरून आत शिरतात आणि परिकाष्ठात, म्हणजे सालीच्या आतल्या जिवंत थरात, अंडी घालतात. सोंडकिड्यांच्या कुलातील स्कॉलिटिनी उपकुलात त्यांचा समावेश होतो. बहुतेक जाती मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या झाडांवरच भागवतात. उत्तर अमेरिकेतील डेन्ड्रॉक्टोनस पाँडेरोसी आणि यूरोपातील इप्स टायपोग्राफस अशा मोजक्या जाती मात्र धडधाकट पाइन व स्प्रूसही मारतात. पहिलीच्या उद्रेकाची झळ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला बसली. दुसरीने २०१८ च्या अवर्षणानंतर मध्य यूरोपातील स्प्रूसच्या वनांची दाणादाण उडवली.

पाइनचे पहिले शस्त्र राळ. खोडात उभ्या-आडव्या राळनलिकांचे जाळे असते आणि त्यातली राळ दाबाखाली असते. भुंगेऱ्याने नलिका कुरतडली की राळ उसळून बाहेर येते व त्याला ढकलते किंवा बुडवते. पायनीन, लिमोनीन यांसारखी मोनोटर्पिने, म्हणजे राळेतली उडून जाणारी वासाची द्रव्ये, राळेला पातळ ठेवतात आणि कीटकाला विषारी ठरतात. ती उडून गेली की मागे उरलेली राळाम्ले घट्ट होऊन छिद्र बुजवतात. हा दाब पेशींतल्या पाण्यावर टिकतो, म्हणून पहाटे तो सर्वाधिक असतो आणि भर दुपारी उतरतो.

स्प्रूसमध्ये राळनलिका कमी. त्याची भिस्त परिकाष्ठातील फिनॉलयुक्त (बचावाची रसायने साठवणाऱ्या) पेशींच्या रांगांवर आणि जबड्यांना दाद न देणाऱ्या अश्मपेशींवर असते. फरच्या लाकडात तर कायमच्या राळनलिका नसतातच. राळ सालीतल्या फोडांत साठते.

ही झाली आधीपासूनची तटबंदी. घाव बसल्यावर दुसरी फळी उभी राहते. जॅस्मोनेट संप्रेरकाच्या इशाऱ्यावर बोगद्याभोवतालच्या पेशी स्वतःहून मरतात, तिथे टर्पिने व फिनॉले साचतात आणि लांबट, तपकिरी, राळेने माखलेला पट्टा तयार होतो. त्यात भुंगेरा आणि त्याने आणलेले कवक (बुरशी) यांची उपासमार होते. पुढच्या काही आठवड्यांत नव्या लाकडात आघातजन्य राळनलिकांची रांगही बनते. चालू हल्ल्यात तिचा उपयोग थोडाच, पण पुढच्या हल्ल्याला झाड तयार असते. मिथाइल जॅस्मोनेट सालीला लावून स्प्रूसमध्ये ही प्रतिक्रिया मुद्दाम जागी करता येते.

एकटादुकटा भुंगेरा झाडापुढे हरतो. म्हणून त्याचा सगळा डाव संख्येवर असतो. डेन्ड्रॉक्टोनस पाँडेरोसीची मादी पाइनच्याच अल्फा-पायनीनपासून ट्रान्स-व्हर्बिनॉल बनवते आणि त्या वासावर जातभाई गोळा होतात. झाडाचे विष असे दवंडीच्या कामी येते. लॉजपोल पाइनवर चौरस मीटरला साधारण ४० छिद्रे पडली की राळेचा साठा अपुरा पडतो आणि बचाव कोलमडतो. दरम्यान भुंगेऱ्यांनी आणलेले नीलडाग कवक (लाकडावर निळे डाग पाडणारी बुरशी) बाह्यकाष्ठात, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या बाहेरच्या लाकडात, घुसून पाण्याची वाट बंद करते. ग्रॉसमॅनिया क्लॅव्हिजेरा हे कवक मोनोटर्पिने पचवूही शकते. खोड भरत आले की भुंगेऱ्यांकडून व्हर्बिनोनचा गंध सुटतो आणि नवे पाहुणे शेजारच्या झाडाकडे वळतात.

अवर्षणाने झाड दुबळे होते हे ढोबळ विधान झाले. सौम्य अवर्षणात वाढ आधी थांबते, प्रकाशसंश्लेषण नंतर; उरलेली शर्करा राळेकडे वळते आणि बचाव उलट सुधारू शकतो. तीव्र अवर्षणात पर्णरंध्रे मिटतात, शर्करा तयार होत नाही, राळेचा दाबही घटतो. घटका भरते ती तेव्हा. दाटीवाटीच्या वनात विरळणी केल्याने, म्हणजे काही झाडे तोडल्याने, उरलेल्या झाडांना पाणी व प्रकाश जास्त मिळतो; विरळणी करण्यामागचे एक कारण हेच.

झुंजीचा निकाल खोडावर वाचता येतो. फिकट, मोठा राळेचा गोळा आणि त्यात अडकलेला मेलेला भुंगेरा दिसला तर झाडाने तो हल्ला परतवला. गोळा तांबूस आणि भुसामिश्रित असेल तर कीटक आत पोचला आहे. राळ अजिबात नाही, सालीच्या भेगांत व बुंध्याशी नुसता कोरडा भुसा, हे लक्षण सर्वांत वाईट. पानांवर विसंबणे मात्र धोक्याचे: हरलेल्या पाइनचा माथा बहुधा पुढच्या वर्षापर्यंत हिरवाच राहतो.

राळेचा प्रवाह मोजताना पोकळ पंचाने साल लाकडाच्या पृष्ठभागापर्यंत कापतात, खाली नळी लावतात आणि २४ तासांत जमलेली राळ मोजतात. खोडाच्या दोन बाजूंची मापे वेगळी येतात, म्हणून एकाच छिद्रावर निष्कर्ष काढू नये. पंच लाकडात खोल गेला तर मापही बिघडते. व्हर्बिनोनच्या पिशव्या टांगण्याचा उपाय भुंगेरे थोडे असताना उपयोगी पडतो. उद्रेक पेटल्यावर त्या फारशा टिकाव धरत नाहीत. तेव्हा बाधित झाडे नवी पिढी बाहेर पडण्याआधी तोडून सोलावी किंवा वनाबाहेर न्यावी लागतात.